पडद्यावरची रोवणी

पोरगा व्हिडिओ गेम घेऊन बसला की घरोघरी कुरबुर होते. पण गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्याने ऐकावा असा एक गेम आहे. जपानमध्ये २०२० साली निघालेला ‘साकुना’. त्यात एका लाडावलेल्या देवीला बेटावर धाडतात आणि तिथे तिला धान पिकवावे लागते. बी निवडणे, चिखलणी, रोवणी, बांधीतले पाणी, निंदण, कापणी, मळणी. काहीच चुकत नाही. पीक जितके चांगले, तितके तिचे बळ वाढते. खेळणाऱ्यांना हीच गोडी लागली. चांगल्या पिकासाठी ते जपानच्या कृषी खात्याची माहितीही धुंडाळू लागले!

तेव्हा मंडळी, नुसते रागावू नका. यंदा रोवणीला पऱ्ह्यांची जुडी त्याच्या हाती द्या आणि बांधीत पाणी किती ठेवावे, ते त्यालाच विचारा.