न पाहिलेली खूण

बेसबॉल हा काही आपला खेळ नव्हे. गल्लीत क्रिकेट खेळत वाढलेल्या माझ्यासारख्याला त्यातले नियम कळायलाच वेळ लागला. पण मोझेस फ्लीटवुड वॉकर या अमेरिकन खेळाडूची हकिकत समजायची, तर त्या खेळातली एक गोष्ट माहीत हवी. ती आधी सांगतो.

क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक गोलंदाजाच्या मनगटाकडे पाहून चेंडू ओळखतो. बेसबॉलमध्ये उलटे असते. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर बोटांनी खूण करतो, आणि चेंडू टाकणारा पिचर त्याप्रमाणे सरळ किंवा वळणारा चेंडू टाकतो. म्हणजे काय येणार, हे कॅचरला आधीच ठाऊक असते. १८८०च्या दशकात आजच्यासारखे जाड गादीचे हातमोजे नव्हते. तेव्हा ही खूण नुसता डावपेच नव्हती. बोटे शाबूत राहण्याचा तो एक करारच होता म्हणा ना.

वॉकर ओहायो राज्यातला. ओबर्लिन कॉलेजात आणि पुढे मिशिगन विद्यापीठात शिकलेला. १८८४ मध्ये टोलेडो शहराचा संघ वरच्या दर्जाच्या लीगमध्ये दाखल झाला आणि उघडपणे कृष्णवर्णीय असलेला पहिला खेळाडू त्या पातळीवर उतरला. तो ४२ सामने खेळला. फलंदाजीची सरासरी .२६३, त्या काळच्या मानाने चांगलीच.

संघाचा मुख्य पिचर होता टोनी मुलेन. पुढे अनेक वर्षांनी त्याने स्वतःच सांगितले, की वॉकर हा त्याला लाभलेला सर्वांत उत्तम कॅचर. पण काळा माणूस आपल्याला आवडत नसे, म्हणून त्याच्या खुणेकडे न पाहता आपण मनाला येईल तसा चेंडू टाकत असू. एके दिवशी वॉकर त्याच्याकडे गेला. खुणांशिवाय झेलायची माझी तयारी आहे, पण मी खूण करायची आणि तुम्ही ती मोडायची हे चालणार नाही, असे त्याने सांगितले. मग उरलेला हंगाम मुलेनचा प्रत्येक चेंडू, तो कसा येणार हे माहीत नसताना, तो झेलत राहिला.

कॅचरच्या हातून सुटलेले चेंडू नोंदवहीत त्याच्या नावावर मांडतात. त्यांतले किती मुलेनच्या या हट्टापायी सुटले, त्याला मात्र नोंदवहीत रकानाच नाही. आणि गंमत पाहा, मुलेनला त्याची गुणवत्ता दिसत नव्हती असे नाही. चांगली दिसत होती!

दुखापतींनी वॉकरचा हंगाम लवकर संपला. रिचमंडहून तर धमकीचे पत्र आले होते, की तो मैदानात उतरला तर जमाव त्याच्यावर चालून येईल. नंतर तो खालच्या लीगमध्ये खेळत राहिला. शिकागोचा नामांकित कर्णधार कॅप अ‍ॅन्सन याने १८८३ मध्येच वॉकर असलेल्या संघाशी खेळायला नकार दिला होता; पण तिकिटांचे पैसे बुडतील म्हटल्यावर मुकाट्याने खेळला. १८८७ मध्ये नेवार्कला मात्र त्याच्या संघाविरुद्ध वॉकर आणि जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर, दोघेही बाहेर राहिले. त्याच दिवशी, १४ जुलैला, इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत असे ठरवले. वरच्या लीगमध्ये तर असा लेखी नियमही करावा लागला नाही. सगळ्यांना न सांगता समजले.

वॉकर १८८९ पर्यंत सिराक्यूजकडून खेळला. त्या लीगमध्ये पुढचा कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९४६ मध्ये, जॅकी रॉबिन्सन. पुढच्याच वर्षी रॉबिन्सन वरच्या लीगमध्ये पोचला. आज जग त्याचे नाव जाणते, आणि ते योग्यच आहे.

खेळ सुटल्यावर वॉकरने नाट्यगृह चालवले, सिनेमाच्या यंत्रांत सुधारणा करून त्यांची पेटंटे घेतली. १९०८ मध्ये एक पुस्तिका लिहिली. अमेरिकेत आपल्या लोकांना न्याय मिळणे नाही, त्यांनी आफ्रिकेत जावे, असे तीत म्हटले आहे. तो स्वतः मात्र ओहायोतच राहिला. १९२४ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. तो बसवला ओबर्लिनच्या खेळाडूंच्या मंडळाने, साठाहून अधिक वर्षांनी.