वचेतील गुणसूत्रांचे बहुगुणन : द्रव्यपरीक्षणातील एक दुर्लक्षित विषय

द्रव्याची ओळख नाम, रूप आणि गुण या तिहींनी पटवावी, अशी आयुर्वेदाची शिकवण आहे. व्यवहारात मात्र नाम जुळले व रूप जुळले की गुणही तोच असणार, असे आपण गृहीत धरतो. वचेच्या, म्हणजेच वेखंडाच्या बाबतीत हे गृहीतक अपुरे पडते. अ‍ॅकोरस कॅलॅमस या एकाच वनस्पतिशास्त्रीय नावाखाली गुणसूत्रसंख्येनुसार तीन प्रकार येत आले आहेत, आणि त्यांच्या तेलातील बीटा-असारोन या घटकाचे प्रमाण शून्यापासून ८० टक्क्यांच्याही पुढे जाते. वेखंड बाळगुटीत उगाळले जाते. म्हणून हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांचा राहत नाही.

बहुगुणन म्हणजे काय?

बहुतेक सजीवांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. एक मातेकडून व एक पित्याकडून आलेला. युग्मके तयार होताना ही संख्या निम्मी होते. कधीकधी ही विभागणी फसते आणि पूर्ण संख्येचे युग्मक निर्माण होते. अशा युग्मकाच्या संयोगातून तीन किंवा चार संच असलेला जीव जन्मास येतो. यालाच संपूर्ण जनुकसंचाचे बहुगुणन म्हणतात. सस्तन प्राण्यांत असा गर्भ सहसा टिकत नाही. वनस्पती मात्र ते सहज पेलतात.

आपल्या स्वयंपाकघरातच याची उदाहरणे आहेत. खपली गव्हात २८ गुणसूत्रे, म्हणजे चार संच असतात, तर नेहमीच्या गव्हात ४२, म्हणजे सहा संच. पिवळ्या मोहरीवर्गातील २० गुणसूत्रांची एक जाती व १६ गुणसूत्रांची काळी मोहरी यांचा संकर होऊन व संच दुप्पट होऊन ३६ गुणसूत्रांची राई निर्माण झाली. हे नाते ऊ नागाहारू यांनी १९३५ मध्ये उलगडून दाखवले. हळदीत २१ गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे ६३ गुणसूत्रे आहेत. विषम संचांची समान वाटणी होत नाही, म्हणून हळद बियांनी नव्हे, तर कंदांनीच वाढवावी लागते.

हे द्विगुणन कृत्रिम रीतीनेही घडवता येते. त्यासाठी १९३७ पासून वापरात असलेले कोल्चिसीन हे द्रव्य आपल्या उपविषांतील लांगलीत, म्हणजे कळलावीतही असते, हे वैद्यांना विशेष वाटेल. ते पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन ध्रुवांकडे ओढणारे तंतू बनू देत नाही. परिणामी दुप्पट झालेली गुणसूत्रे एकाच पेशीत राहतात.

उत्क्रांतीतील कार्य

संच दुप्पट झाला की प्रत्येक जनुकाची जादा प्रत हाती येते. एक प्रत मूळ काम सांभाळते; दुसरी बदलण्यास मोकळी राहते. बहुतेक जादा प्रती कालांतराने नष्ट होतात, काही थोड्या नवे कार्य स्वीकारतात. सुसुमू ओह्नो यांनी १९७० मध्ये हा विचार विस्ताराने मांडला. २००० मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यातही प्राचीन द्विगुणनाच्या खुणा सापडल्या. २०११ मधील संशोधनाने सर्व सपुष्प वनस्पतींच्या पूर्वजातच असे द्विगुणन घडल्याचे पुरावे पुढे आणले. अफूचा जनुकसंच २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७८ लाख वर्षांपूर्वीच्या द्विगुणनाच्या खुणा आढळल्या. औषधी वनस्पतींची रासायनिक विविधता ज्या कच्च्या मालातून घडली, त्यात या जादा प्रतींचा वाटा मोठा आहे.

वचेचे तीन प्रकार

वचेच्या एका संचात १२ गुणसूत्रे असतात. उत्तर अमेरिका व सायबेरियातील द्विगुणित वचेत २४ गुणसूत्रे असून तिच्या तेलात बीटा-असारोन नसते. अमेरिकेतील या प्रकारास आता अनेक जण स्वतंत्र जाती मानतात. युरोपातील त्रिगुणित वचेत ३६ गुणसूत्रे असतात. ती हळदीप्रमाणेच वंध्य असून तिच्या तेलात हा घटक अल्प, साधारणतः १० ते १५ टक्क्यांपर्यंत असतो. दक्षिण व पूर्व आशियातील चतुर्गुणित वचेत ४८ गुणसूत्रे असतात आणि तेलातील प्रमाण ८० टक्क्यांहूनही अधिक असू शकते. भारतात त्रिगुणित व चतुर्गुणित अशा दोन्ही प्रकारांच्या नोंदी आहेत.

संच दुप्पट झाले म्हणून द्रव्य दुप्पट झाले, असे त्रैराशिक येथे लागू पडत नाही, हे वरील आकड्यांवरून दिसतेच. २०२३ मध्ये चतुर्गुणित वचेचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यानुसार तिच्यात दोन भिन्न पूर्वजांचे संच एकत्र आले असून त्यांची पुढील उत्क्रांतीही सारखी झालेली नाही. म्हणजे बहुगुणनाने केवळ मात्रा वाढत नाही, द्रव्याची प्रकृतीच बदलू शकते.

सुरक्षिततेचा प्रश्न

वचेचे तेल दीर्घकाळ आहारातून दिलेल्या उंदरांच्या आतड्यांत अर्बुदे आढळल्यानंतर अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वचेच्या वापरास बंदी घातली. युरोपीय औषधसंस्थेच्या वनौषधी समितीने २००५ मध्ये बीटा-असारोन शक्य तितके कमी ठेवावे व द्विगुणित वचेस प्राधान्य द्यावे, असे सुचवले. हे प्रयोग तेलाचे व प्राण्यांवरचे आहेत. शोधित वचेच्या अल्प मात्रेस ते जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. परंतु त्यांच्याकडे पाठ फिरवणेही योग्य नाही. सहाणेवरील वेढे मोजून मात्रा ठरवताना प्रत्येक वेखंड सारखेच आहे, असे आपण मानतो. ते तसे नसेल, तर तितक्याच वेढ्यांतून बाळाच्या पोटात जाणारे बीटा-असारोन अनेक पटींनी कमीअधिक होईल.

काय करता येईल?

वाळलेल्या तुकड्याकडे पाहून संचांची संख्या ओळखता येत नाही. गुणसूत्रे मोजण्यासाठी जिवंत मुळांची कोवळी टोके लागतात. वेखंडाची लागवड कंदांच्या तुकड्यांनी होत असल्याने मातृवनस्पतीची एकदा तपासणी केली, की तिच्यापासून वाढवलेल्या संपूर्ण लागवडीची संचसंख्या कळते. थेट शेतकऱ्यांकडून माल घेणाऱ्या औषधनिर्मात्यांना एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या साहाय्याने हे करून घेता येईल. बाजारातून घेतलेल्या सुक्या मालाच्या प्रत्येक खेपेत एचपीटीएलसी किंवा गॅस क्रोमॅटोग्राफीने बीटा-असारोनचे प्रमाण तपासावे आणि मालाच्या उगमस्थानासह त्याची नोंद ठेवावी.

वैद्यांनी वचेच्या शोधनाचा आग्रह धरावा. गोमूत्र, मुंडीक्वाथ व पंचपल्लवक्वाथ यांतील स्वेदन आणि गंधोदकाचा बाष्पस्वेद हा विधी वेळ वाचवण्यासाठी गाळू नये. बालकांत वचेचा दीर्घकाळ, नित्य वापर टाळावा आणि उगम ठाऊक नसलेले वेखंड बाळगुटीसाठी सुचवू नये.

भावप्रकाशाने वचेबरोबर पारसीक वचा, महाभरी वचा व द्वीपान्तर वचा यांचे वर्णन वेगवेगळे केले आहे. यांतील काही तर निराळ्याच वनस्पती आहेत. पण समान नामाखाली भिन्न द्रव्ये असू शकतात, ही जाणीव त्यामागे आहे. बाह्य रूपात न दिसणारा भेद तपासण्याची साधने आज उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग करणे हा आपल्या द्रव्यपरीक्षणाच्या परंपरेचाच पुढचा टप्पा ठरेल.