आजार फुप्फुसांचा, आघात मूत्रपिंडांवर

२०२० च्या वसंतात न्यूयॉर्कमधील व्हेंटिलेटरच्या टंचाईची वार्ता जगभर पोहोचली. त्याच सुमारास तेथे डायलिसिसची यंत्रे, त्यांना लागणारी द्रावणे आणि ती चालविणाऱ्या परिचारिकाही अपुऱ्या पडू लागल्या होत्या, हे मात्र फारशा लोकांच्या कानी आले नाही. श्वास लागतो म्हणून दाखल झालेल्या कोरोनाच्या रुग्णांची मूत्रपिंडे काही दिवसांतच, कधी कधी काही तासांतच, मंदावत होती.

तेथील नॉर्थवेल रुग्णालय-समूहाने १ मार्च ते ५ एप्रिल २०२० या काळात दाखल झालेल्या ५,४४९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ३६.६ टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली होती. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत हे प्रमाण ८९.७ टक्के, तर इतरांत २१.७ टक्के होते. ही तफावत बोलकी आहे. मूत्रपिंड बहुधा एकटे बिघडत नाही. सारे शरीर संकटात सापडले की त्याची झळ तेथे पोहोचते.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो आणि दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो. रक्तदाब घसरला, तापाने व जुलाबाने शरीरातील पाणी आटले, रक्तातील प्राणवायू घटला, की या गाळणीच्या सूक्ष्म नलिका दुखावतात. शरीरभर उसळलेला दाह, रक्ताच्या गुठळ्या आणि काही औषधे यांची त्यात भर पडते. विषाणू स्वतः मूत्रपिंडाच्या पेशींत शिरून किती हानी करतो, याविषयी संशोधकांत मतभेद राहिले.

रुग्णाजवळ बसलेल्या आप्तांची नजर बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर खिळलेली असते. लघवी किती झाली, हे क्वचितच कोणी विचारते. साठ किलो वजनाच्या माणसाला सहा तास सलग, तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली, तर तो धोक्याचा इशारा समजतात. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढले, तरीही तोच अर्थ. अहवालातील आकडा ‘नॉर्मल’ रकान्यात बसतो म्हणून निश्चिंत होऊ नये. कालचा आकडा किती होता, हे पाहावे. हिशेबाची सवय असलेल्या आपल्या घरांना हे सांगायला नकोच.

मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांना हा धोका अधिक. अशा घरांत ताप-अंगदुखीवर दुकानातून परस्पर आणलेली आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घातक ठरू शकते. तापासाठी पॅरासिटामॉल बरी, तीही ठरल्या मात्रेत. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आणखी एक गोष्ट संकोच न करता लिहितो. ताप आणि जुलाब चालू असताना चौविहार उपवास केल्यास शरीराला थेंबभरही पाणी मिळत नाही. पच्चक्खाण घेण्यापूर्वी आपला आजार गुरुमहाराजांना मोकळेपणाने सांगावा आणि डॉक्टरांनाही उपवासाची कल्पना द्यावी. उलट, मूत्रपिंड वा हृदयविकाराच्या ज्या रुग्णाला पाणी मोजून दिले आहे, त्याने भरमसाट पाणी पिणेही चुकीचे.

न्यूयॉर्कच्याच माउंट सायनाय रुग्णालयांतील पाहणीत असे दिसले, की मूत्रपिंडाला इजा होऊन वाचलेल्या सुमारे ३५ टक्के रुग्णांचे क्रिएटिनिन घरी जाताना पूर्वपदावर आलेले नव्हते. खोकला थांबला, भूक लागली, माणूस पेढीवर बसू लागला, की आजार संपला असे घरचे मानतात. अशा रुग्णाने डिस्चार्ज कार्डावरील शेवटचे क्रिएटिनिन जपून ठेवावे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा, निदान तीन महिन्यांनी तरी, रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने पुन्हा तपासून घ्यावीत.