बर्फाविना सरोवरांचा मुलूख : भंडारा जिल्ह्यातील एक दिवस

डोंगराच्या कुशीत पसरलेले निळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नॉर्वेचे फिओर्ड उभे राहतात. हिमयुगात हिमनद्यांनी खोल दऱ्या कोरल्या आणि बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्र शिरला. दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीचा सोग्नेफिओर्ड असाच घडला. विदर्भात बर्फ नाही आणि समुद्रही नाही. तरीही भंडारा जिल्ह्याला 'तलावांचा जिल्हा' म्हणतात. येथील दऱ्या निसर्गाने दिल्या असल्या, तरी त्यांत पाणी साठवले ते माणसाने. हे नाते एका दिवसाच्या भटकंतीत समजून घेता येते.

डोंगरावरचा गड

सहलीचा आरंभ तुमसर तालुक्यातील अंबागडापासून करावा. सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्यांमधील हा किल्ला देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शहा याचा सरदार राजाखान पठाण याने सुमारे १७०० मध्ये बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला व त्यांनी त्याचा तुरुंग म्हणून वापर केला. कैद्यांना येथील विहिरीचे विषारी पाणी पाजले जाई, अशी दंतकथा आहे. झाडीतून वर चढणारी वाट सकाळच्या गारव्यातच संपवावी. जवळच गायमुख हे महादेवाचे स्थान आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते.

पाण्याची साखळी

दुपारनंतर सिहोऱ्याजवळील चांदपूर गाठावे. टेकड्यांच्या कुशीतील विस्तीर्ण जलाशय आणि टेकडीवरील हनुमान मंदिर यांमुळे हे स्थळ भाविकांच्या व पर्यटकांच्या परिचयाचे आहे. मात्र वाटेवरच्या गावांतील लहान तलाव व बोड्यांकडेही लक्ष द्यावे. पाऊस चांगला पडणाऱ्या या भागात इतके तलाव कशासाठी, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर धानात आहे. धान निसवण्याच्या सुमारास पाऊस ओसरतो आणि नेमके तेव्हाच पिकाला पाणी लागते. म्हणून उतारावर मातीची पाळ घालून पाणी अडवले गेले. वरचा तलाव भरला की सांडव्याचे पाणी खालच्या तलावात आणि तेथून बांध्यांत उतरत असे. गोंड राजवटीत या कामात कोहळी समाजाने नैपुण्य मिळवले. तलाव बांधणाऱ्यास त्याखालची जमीन देण्याची प्रथा होती, असे परंपरा सांगते. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचा उदरनिर्वाहही याच पाण्यावर चालत आला आहे.

तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या या भागात १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे गेले. मालकी बदलली, पण पाळ दुरुस्त करण्याची व गाळ काढण्याची गावाची जुनी शिस्त मात्र सैल झाली. अनेक तलाव उथळ झाले, काहींत बेशरमाची झुडपे माजली, तर काहींच्या पोटात अतिक्रमणे शिरली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने तलावातील गाळ शेतात नेण्यास चालना दिली. हिमनदीने कोरलेली दरी हजारो वर्षे टिकते. मातीच्या पाळीला मात्र दरवर्षी माणसाचा हात लागतो. तो थांबला, तर पर्यटकाचे निसर्गदृश्य हरवेल आणि शेतकऱ्याचे पीकही जाईल.

कसे जाल?

नागपूरहून भंडारा सुमारे ६० किलोमीटर असून तेथून तुमसरला रस्त्याने जाता येते. मुंबई-हावडा मार्गावरील तुमसर रोड हे जवळचे रेल्वे स्थानक होय. गड, गायमुख आणि चांदपूर एकाच दिवसात पाहायचे असल्यास स्वतंत्र वाहन सोयीचे ठरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पिण्याचे पाणी व शिदोरी सोबत ठेवावी आणि अंधार पडण्यापूर्वी परतीला लागावे.