गोळी स्वस्त झाली, माहितीचे काय?

बेळ्ळंदूरमधील आमच्या कार्यालयात दरवर्षी आरोग्य तपासणी होते. सहा वर्षांपूर्वीच्या तपासणीत माझ्या पांढऱ्या पेशींची संख्या दीड लाखाच्या वर निघाली. निदान झाले: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, अर्थात दीर्घकालीन रक्तकर्करोग. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज घ्यायला सांगितली. बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत होते. उरलेले प्रश्न मी घरी घेऊन आलो. शेजाऱ्यांनी आजाराचे खापर फेस आणि आगींमुळे बदनाम झालेल्या बेळ्ळंदूर तळ्यावर फोडले; नातेवाइकांनी पपईच्या पानांचा रस सुचवला. रात्री मोबाइलवर रुग्ण किती वर्षे जगतो याचे आकडे वाचले. ते या गोळीच्या आधीच्या काळातील होते, हे कळायला तीन महिने लागले.

कळले तेही रुग्णालयाच्या बाकावर. शेजारी बसलेले निवृत्त शिक्षक अकरा वर्षे हीच गोळी घेत होते. गोळी जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. डोळ्यांभोवती सूज आली, पायांत गोळे आले तर डॉक्टरांना सांगावे, परंतु मनाने गोळी थांबवू नये. रक्तातील दूषित जनुकाचे प्रमाण दाखवणारी चाचणी चुकवू नये, हे सारे मला त्यांनी सांगितले.

इमॅटिनिब नावाची ही गोळी भारतीय रुग्णांच्या आवाक्यात आली, त्यामागे मोठा लढा आहे. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा आठ ते दहा हजार. मुंबईच्या ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ने पेटंटला हरकत घेतली आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)चा आधार घेत नोव्हार्टिसचे अपील फेटाळले. अलीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून, याच आजारावरील ॲसिमिनिब हे नवे औषध वस्तू व सेवा करातून मुक्त झाले. किंमत हा धोरणाचा विषय झाला, हे योग्यच. माहिती मात्र अजूनही नशिबावर सोडलेली आहे.

तिची किंमत मी जवळून पाहिली. आमच्या वसाहतीत रात्रपाळीला बेळगाव जिल्ह्यातील एक मराठीभाषक सुरक्षारक्षक होता. त्यालाही हाच आजार होता आणि गोळ्या मोफत मिळत होत्या. आठ महिन्यांत पेशींची संख्या पूर्ववत झाली, अंगात बळ आले आणि त्याने गोळ्या थांबवल्या. पेशी पूर्ववत होणे म्हणजे आजार जाणे नव्हे, हे त्याला त्याच्या भाषेत कोणी समजावले नव्हते. काही रुग्णांना गोळी थांबवता येते; परंतु दीर्घकाळ उत्तम प्रतिसादानंतर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. तो परत आला तेव्हा आजार तीव्र अवस्थेत गेला होता. ‘साहेब, रिपोर्ट तर चांगला आला होता,’ एवढेच तो म्हणाला. पुढच्या पावसाळ्याआधी तो गेला.

या काळात मी रोज त्याच्यासमोरून ये-जा करीत होतो. माझा विमा नोकरीशी बांधलेला. नोकरी गेली, तर नव्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, किंवा पॉलिसीच नाकारली जाऊ शकते. या भीतीने मी आजार लपवला होता. ते शिक्षक माझ्याशी बोलले, तसा मी त्याच्याशी बोललो नाही. कार्यालयात आजार सांगितला, तो त्यानंतर.

रुग्णांनी रुग्णांना आधार देण्याची परंपरा आपल्याकडे आहे. ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा गट याच आजाराच्या रुग्णांना एकत्र आणतो. टाटा मेमोरियल आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने रुग्ण-मार्गदर्शक घडवणारा ‘केवट’ हा अभ्यासक्रम चालवला आहे. असे मार्गदर्शक प्रत्येक सरकारी कर्करोग रुग्णालयात नेमावेत आणि त्यांचे वेतन उपचार योजनेच्या खर्चात धरावे. निदानाच्या दिवशीच रुग्णाला त्याच्या भाषेतील माहितीपत्रक मिळावे आणि ते वाचून दाखवले जावे.

आणखी एक सोपी गोष्ट. या महिन्यात गोळ्या कोणी नेल्या नाहीत, हे औषध खिडकीवरील नोंदवहीत दिसते. त्या रुग्णाला फोन करण्याचे काम कोणाचे, एवढे ठरवायला न्यायालयात जावे लागणार नाही.