लहान मुलांचे फोटो : निवड आणि कात्री हेच खरे भांडवल

गोंदिया शहर असो की आमगाव, तिरोडा, अर्जुनी-मोरगाव, फोटो स्टुडिओच्या धंद्याचे गणित मोबाईलने पार बदलून टाकले आहे. फोटो काढण्यासाठी दुकानाची पायरी चढण्याची गरज उरली नाही. मात्र घराघरांतल्या मोबाईलमध्ये मुलांचे शेकडो फोटो साठलेले असतात आणि भिंतीवर लावण्याजोगा एकही छापलेला नसतो. आपल्या कारागिरांसाठी काम आहे ते इथेच.

लहान मूल स्थिर बसत नाही, ही अडचण या कलेइतकीच जुनी. एकोणिसाव्या शतकात काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. तोवर बाळ हलू नये म्हणून विलायतेत आई अंगावर कापड ओढून त्याला मांडीवर धरी आणि नंतर चौकटीच्या लंबगोल पुठ्ठ्याआड तिला झाकले जाई. म्हणजे तेव्हाही चित्र पुरे होई ते कात्रीनेच. पुढे 36 फोटोंचा रोल आला आणि प्रत्येक फोटो मोजून काढला जाऊ लागला. आज मोजमाप उरले नाही, म्हणून निवडीला किंमत आली.

ग्राहकाने 300 फोटो आणले तर त्यांतून 20 निवडा. सारखे दिसणारे बाजूला काढा. डोळे स्पष्ट आहेत का, हे आधी पाहा. मुलाने कॅमेऱ्याकडे पाहिलेच पाहिजे असे नाही. ते आपल्याच नादात असेल तो फोटो बहुधा अधिक चांगला.

मग चौकट. दिवाळीनंतर आपल्या भागात गावोगावी मंडई भरते. तिथे फुगा घेऊन धावणाऱ्या पोराच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला दिसतो, शेजारी कुणाचा तरी अर्धा हात असतो. अशा वेळी कात्री चालवावी. मूल ज्या दिशेला पाहते किंवा धावते तिकडे जागा मोकळी सोडावी. मनगट, कोपर, घोटा अशा सांध्यांवर कधी कापू नये. स्वतः फोटो काढत असाल तर गुडघ्यावर बसून मुलाच्या उंचीवर या. धावत्या मुलासाठी शटर सेकंदाच्या 250 व्या भागाइतके किंवा त्याहून जलद ठेवा.

कापण्यापूर्वी हिशेब करा. बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांची चौकट 3:2 असते, ती 4×6 मध्ये पूर्ण बसते. 8×10 साठी मात्र सहावा हिस्सा कापला जातो. उत्तम छपाईला इंचाला 300 ठिपके धरले तर 8×10 ला सुमारे 7.2 मेगापिक्सेल लागतात. 12 मेगापिक्सेलचा फोटो अर्धा कापला तर 6 उरतात. 5×7 ला ते पुरेसे आहेत, 8×10 ला कमी पडतात. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, म्हणून ग्राहकाकडून मूळ फाईलच मागावी.

रंगाच्या बाबतीत हात आखडता ठेवा. झाडाच्या सावलीत चेहऱ्यावर हिरवट झाक येते, ती काढावी. पण मुलाला गोरे करू नये. गालावरचे काजळाचे बोट, पडलेला दुधाचा दात, गुडघ्यावरची खरचट ही त्या वयाची खूण आहे. वीस वर्षांनी घरचे लोक नेमके तेच शोधतील. संगणकाने एका बोटात मागची गर्दी पुसता येते, पण पुसताना मुलाची बोटे आणि केस बिघडले नाहीत ना, हे तपासल्याशिवाय छापू नये.

शेवटचा मुद्दा विश्वासाचा. दुकानाच्या काचेत किंवा इंटरनेटवर कोणाच्याही मुलाचा फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय लावू नका. होकार लेखी घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आंघोळीचा वा उघड्या अंगाचा फोटो तर संमती असली तरी बाहेर जाऊ देऊ नये.

व्यावसायिक बंधूंनी सुरुवातीला दर ठरवताना छपाईचा आणि निवड-दुरुस्तीचा आकार वेगळा लिहावा. कागद सर्वांकडे सारखाच मिळतो; नजरेची मजुरी मागायला संकोच कशाला?