पाऊस पेरणारं अरण्य

अटलांटिक महासागरावरून आलेलं बाष्प ॲमेझॉनच्या खोऱ्यात शिरतं आणि वाऱ्याबरोबर अडीच-तीन हजार किलोमीटर पश्चिमेला जातं. वाटेत ते बरसतच असतं. त्यामुळे पेरूच्या सीमेपाशी पोचेपर्यंत ढग रिते व्हायला हवेत. पण तिथेही पाऊस धो धो कोसळतो. हे पाणी येतं कुठून?

एनेआस सलाती या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात या कोड्याचा माग पावसाच्या पाण्यातूनच काढला. सगळं पाणी एकाच वजनाचं नसतं. काही रेणूंमधला ऑक्सिजन जरा जड असतो आणि असं जड पाणी ढगातून आधी गळून पडतं. म्हणजे किनाऱ्यापासून जितकं आत जावं, तितका पाऊस हलका होत जायला हवा. सलातींनी ठिकठिकाणचं पाणी तपासलं. ते हलकं होत होतं खरं, पण अपेक्षेहून बरंच कमी. पडलेलं पाणी वाटेत कोणीतरी, जड-हलकं न निवडता, पुन्हा हवेत सोडत होतं. हे काम झाडांचं होतं. खोऱ्यातल्या पावसापैकी जवळपास निम्मं पाणी जंगल परत वर पाठवतं, असं त्यांच्या १९७९च्या शोधनिबंधातून पुढे आलं. समुद्रावरून आलेलं पाणी अँडीज पर्वत गाठेपर्यंत पाच-सहा वेळा खाली पडतं आणि पुन्हा वर चढतं.

झाड हे कसं करतं, ते आपण शाळेत शिकलेलो असतो. मुळं पाणी शोषतात, खोडातल्या केसासारख्या बारीक नळ्यांतून ते वर चढतं आणि पानांच्या रंध्रांतून वाफ होऊन निघून जातं. थक्क करतो तो त्याचा आवाका. ॲमेझॉनमधला एखादा महावृक्ष दिवसाला हजार लिटरच्या घरात पाणी हवेत सोडतो. उन्हाळ्यात आपल्याकडे गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर आठवा. अशी दहा झाडं म्हणजे रोज एक टँकर, तोही आकाशाच्या दिशेने, ना डिझेल लागत ना वीज. आणि या जंगलात झाडं आहेत अंदाजे ३९० अब्ज.

२०१९मध्ये ॲमेझॉनमध्ये आगी भडकल्या तेव्हा ‘पृथ्वीची फुफ्फुसं जळताहेत’ असं जगभर लिहिलं गेलं. आपला २० टक्के प्राणवायू तिथून येतो, हेही सगळीकडे फिरलं. भावना खरी होती, पण विज्ञान चुकीचं. जंगल दिवसा जेवढा ऑक्सिजन बनवतं, जवळजवळ तेवढाच झाडांच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजण्यात खर्ची पडतो. मला ही उपमा घातक वाटते. ती खोडून काढणं सोपं असतं, आणि एकदा ती खोडली की जंगलाचं महत्त्वच खोडल्यासारखं होतं. शरीरातलाच अवयव शोधायचा, तर हे जंगल हृदयाच्या जवळचं आहे. ते पाणी खेळतं ठेवतं.

हे पाणी जातं कुठे, हे पाहायला जेरार्ड मॉस नावाचा वैमानिक २००७पासून लहान विमान घेऊन वाऱ्यामागे निघाला. उडता उडता हवेतलं बाष्प गोळा करायचं आणि तपासायला द्यायचं, असा त्याचा प्रकल्प. सलाती त्याला मार्गदर्शन करत. पश्चिमेला निघालेला हा बाष्पाचा लोंढा अँडीजच्या भिंतीवर आदळतो आणि दक्षिणेला वळतो. बोलिव्हिया, पॅराग्वे, दक्षिण ब्राझील, उत्तर अर्जेंटिना या मुलखांवरून तो जातो. ब्राझीलमध्ये त्याला ‘उडत्या नद्या’ म्हणतात. नकाशावर साओ पाउलोच्या आसपासच्या अक्षांशांवर बोट फिरवा: अटाकामा, नामिब, कालाहारी, ऑस्ट्रेलियाचं वाळवंट. त्याच पट्ट्यात हा भाग मात्र हिरवा आहे.

या साऱ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती पावसाळा सुरू होण्याची गोष्ट. ॲमेझॉनच्या दक्षिण भागात समुद्री वारे पुरेसं बाष्प घेऊन पोचण्याच्या दोन-तीन महिने आधीच पाऊस सुरू होतो. हे कसं, ते उपग्रहाच्या नोंदींवरून २०१७मध्ये उलगडलं. कोरडा हंगाम संपत येतो तेव्हा झाडं आठ मीटरपेक्षाही खोल गेलेल्या मुळांनी जमिनीतलं पाणी ओढून हवेत सोडू लागतात. ढग उभे राहतात, हवा वर उचलली जाते आणि त्यातून समुद्रावरच्या वाऱ्यांना वाट मिळते. पानांतून निघणारी सुवासिक रसायनं, बुरशीचे बीजाणू यांचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात आणि त्यांच्याभोवती थेंब धरतात. जंगल पावसाची वाट पाहत बसत नाही, ते त्याला बोलावून घेतं.

झाडं तोडून तिथे कुरण केलं, तर गवताची उथळ मुळं हे करू शकत नाहीत. ॲमेझॉनचा सुमारे १७ टक्के भाग आता उघडा पडला आहे. हा आकडा २० ते २५ टक्क्यांवर गेला तर पूर्व, दक्षिण आणि मध्य भागातलं जंगल स्वतःपुरताही पाऊस घडवू शकणार नाही आणि त्याचं विरळ माळरान होईल, असा इशारा थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे या शास्त्रज्ञांनी २०१८मध्ये दिला. २०२३च्या दुष्काळात मनाउस शहराजवळ रिओ नेग्रो नदी शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदींत कधी नव्हती इतकी आटली. खडकांवर फार पूर्वी कोरलेले माणसांचे चेहरे पाण्याबाहेर आले. तेफे सरोवराचं पाणी ३९ अंशांवर तापलं आणि शंभरावर डॉल्फिन मेले. पुढच्याच वर्षी नदीने स्वतःचा नीचांक मोडला.

तोडलेल्या जंगलाच्या जागी गुरांची कुरणं झाली, सोयाबीनची शेती झाली. ब्राझीलच्या माटो ग्रोसो राज्यातला शेतकरी एकाच पावसाळ्यात आधी सोयाबीन आणि पाठोपाठ मका घेतो, ते पावसाळा लांब आहे म्हणून. तो लांब आहे जंगलामुळे. आपल्याकडे आयात होणारं सोयाबीन तेल बहुतांशी अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येतं. त्या शेतांवर पडणाऱ्या पावसात उडत्या नद्यांचा वाटा आहे, म्हणजे आपल्या कढईतल्या तेलातही आहे.

त्याच राज्यात झिंगू नदीकाठी १९६१मध्ये आदिवासींसाठी राखून ठेवलेला प्रदेश आहे. उपग्रहाच्या चित्रात तो ओळखायला सीमारेषा लागत नाही. चहूकडे फिकट शेतं आणि मधोमध गडद हिरवा तुकडा. भोवतालच्या शेतांची आणि कुरणांची जमीन जंगलापेक्षा चार ते सहा अंशांनी जास्त तापलेली असते. आणि आतल्या झाडांतून सकाळी वर चढणारी वाफ अजूनही त्याच शेतांकडे जाते.